अजिंठ्याची भिंत आणि अनाम हात

कलेत कारागिरी गौण व प्रतिभा श्रेष्ठ, असा भेद आपल्या समीक्षेत रूढ झाला आहे. अजिंठ्याच्या लेणी क्र. १७ मधील राहुल-यशोधरेचे चित्र पाहिले म्हणजे हा भेद टिकत नाही.

चित्र पाचव्या शतकातील आहे. खडबडीत पाषाणावर माती, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा आणि त्यावर चुन्याचा पातळ थर दिला गेला. तो वाळल्यावर गेरू, पिवळी माती, काजळी इत्यादी रंग चिकट द्रव्यात कालवून लावले. म्हणून यास ओल्या गिलाव्यावरील 'फ्रेस्को' म्हणणे तंत्रदृष्ट्या चूक होय.

भिक्षापात्र घेऊन आलेले तथागत येथे अतिभव्य आहेत. यशोधरा व राहुल अगदी लहान. प्रमाणाचा हा भंग चित्रकाराने जाणूनबुजून केला आहे. यशोधरा पुत्राला पित्याकडे वारसा मागावयास सांगते; पित्यापाशी धम्माखेरीज देण्यास काही नाही. त्या वारशाची थोरवी आकारभेदातूनच प्रकट होते.

या लेण्याच्या शिलालेखात दात्याची प्रशस्ती आहे. चित्रकाराचे वा गिलावा करणाऱ्याचे नाव नाही. जातिव्यवस्था श्रमाबरोबर श्रमिकांचीही उतरंड लावते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ साली दाखवून दिले. हाताला हलके व बुद्धीला थोर मानणारी समीक्षा त्याच उतरंडीची वारसदार आहे. अजिंठ्यात जेथे गिलावा गळून पडला, तेथे चित्रही त्याबरोबर गेले आहे. समीक्षकांनी एवढे तरी ध्यानात घ्यावे.