रोलरचा खांदा कुठे संपतो? बॅटरीच्या यंत्रांचे पेटंट आणि धूसर क्लेम

मागच्या व्याख्यानात आपण पेटंटमधलं वर्णन आणि क्लेम यांतला फरक पाहिला होता. वर्णन म्हणजे शोध समजावून सांगणारा मजकूर. क्लेम म्हणजे कुंपण: माझी हद्द इथून इथपर्यंत, याच्या आत परवानगीशिवाय येऊ नका. आज मी या कुंपणाच्या एकाच प्रकारच्या भगदाडाबद्दल बोलणार आहे, आणि थोडं तक्रारीच्या सुरात बोलणार आहे, हे आधीच सांगून टाकतो.

काही महिन्यांपूर्वी भोसरीतले एक कारखानदार माझ्याकडे आले. छपाईच्या आणि पॅकिंगच्या यंत्रांना लागणारे रोलर ते बनवतात. त्यांना लिथियम बॅटरीच्या लाइनसाठी रोलर बनवण्याची चौकशी आली होती आणि कुणीतरी सोबत एका पेटंटच्या क्लेमचा कागद हातात ठेवला होता. म्हणाले, "सर, एवढं वाचा आणि सांगा. मी हा रोलर केला तर अडचण आहे का?" मी वाचलं. पुन्हा वाचलं. सांगता येईना. फी घेतली नाही, एवढंच समाधान. (हशा)

त्यांचा कागद मी इथे दाखवणार नाही. पण प्रश्न कळायला रोलर काय करतो ते कळलं पाहिजे, म्हणून थोडं कारखान्यात जाऊ.

बॅटरीची इलेक्ट्रोड म्हणजे धातूची लांबच लांब पट्टी. ॲनोडसाठी तांब्याची, कॅथोडसाठी ॲल्युमिनियमची. तांब्याचा पत्रा 6 ते 10 मायक्रॉन जाडीचा असतो. आपला केस साधारण 70 मायक्रॉनचा धरा. या पत्र्यावर काळ्या खळीसारखा लेप देतात, वाळवतात, आणि मग जड रोलरांमधून दाबून काढतात. याला कॅलेंडरिंग म्हणतात. पट्टीच्या कडांना मात्र लेप नसतो, कारण तिथून वीज बाहेर काढायची असते. आता गंमत अशी, की दाबताना लेप असलेला मधला भाग किंचित लांबतो आणि कोरी कड लांबत नाही. एकाच कापडाचा मधला भाग सैल आणि काठ ताणलेला असला की जे होतं, तेच इथे होतं. लेप आणि कड यांच्या सीमेवर सुरकुत्या पडतात, पुढे गुंडाळताना कड फाटते, लाइन थांबते. यावरचा एक उपाय म्हणजे पायरीचा रोलर. मधे बारीक, टोकांना जाड. ही जाड टोकं, म्हणजे रोलरचे खांदे, फक्त कोऱ्या कडेला टेकतात आणि तिलाही तेवढंच ताणून घेतात.

आता क्लेम. हा मी स्वतः रचलेला आहे, पण या क्षेत्रातले क्लेम वाचणाऱ्याला तो ओळखीचा वाटेल:

"इलेक्ट्रोड-पट्टी वाहून नेणारे यंत्र, ज्यात एक पुरवठा विभाग, एक गुंडाळणी विभाग आणि त्यांच्यामध्ये एक रोलर आहे, हा रोलर पुरवठा विभागाच्या अक्षाशी जवळजवळ समांतर आहे, त्याच्या टोकांना मोठ्या व्यासाचे खांदे आहेत, हे खांदे पट्टीच्या फक्त लेप नसलेल्या कडांना टेकतात, जेणेकरून कडांना सुरकुत्या पडत नाहीत."

हे तपासणीला गेलं की काय होतं? आपल्या 1970 च्या पेटंट कायद्याचं कलम 10, उपकलम 5 सांगतं की क्लेम स्पष्ट आणि नेमके असावेत आणि वर्णनात जे उघड केलंय त्यावर रास्तपणे आधारलेले असावेत. परीक्षक हे कलम लावतो. आणि माझ्या पाहण्यात, बहुतेक वेळा त्याचं बोट एका शब्दावर जातं: "जवळजवळ". जवळजवळ म्हणजे किती? अर्जदाराचा वकील तो शब्द खोडतो. आता रोलर "समांतर" आहे. हरकत मिटली, फाईल पुढे सरकली.

जगात एक तरी रोलर गणिताच्या अर्थानं समांतर आहे का? लाइनवर काम करणाऱ्या फिटरला विचारा. तो डायल लावून काट्याची हालचाल बघतो आणि चालेल की नाही ते ठरवतो. "जवळजवळ" हा शब्द त्याच्यासाठी मुळीच अस्पष्ट नव्हता. खोडल्यानं काहीही जास्त स्पष्ट झालं नाही. उलट उद्या कोर्टात कुणीतरी म्हणेल, हा शब्द तुम्ही स्वतःहून काढलात, मग आता काटेकोर समांतरच धरा. म्हणजे जिथे अस्पष्टता नव्हती तिथे नवं भांडण पेरलं.

आणि खरं भगदाड? ते तसंच राहिलं. पुन्हा ऐका: "खांदे पट्टीच्या फक्त लेप नसलेल्या कडांना टेकतात." क्लेम यंत्राचा आहे. पट्टी यंत्राचा भाग नाही. ती त्यातून जाणारा माल आहे. 300 मिलिमीटर रुंद लेपाची पट्टी लावली तर खांदे कोऱ्या कडेवर येतात, यंत्र क्लेमच्या आत. 340 मिलिमीटर लेपाची लावली तर तेच खांदे लेपावर येतात, यंत्र क्लेमच्या बाहेर. नट नाही फिरवला, स्क्रू नाही बदलला. भोसरीतला माणूस रोलर ट्रकमध्ये चढवतो तेव्हा त्यानं उल्लंघन केलं की नाही, हे गिऱ्हाईक सोमवारी कुठलं बंडल लावणार यावर ठरतं.

हा प्रश्न बॅटरीनं जन्माला घातलेला नाही. अमेरिकेत 1989 साली ब्रमर नावाच्या अर्जात सायकल होती. दोन चाकांमधलं अंतर "ज्याच्यासाठी सायकल बनवली आहे त्या स्वाराच्या उंचीच्या 58 ते 75 टक्के". पेटंट कार्यालयाच्या अपील मंडळानं ते अस्पष्ट ठरवलं, कारण सायकल आणि स्वार यांची सांगड घालणारं कुठलंही माहीत असलेलं प्रमाण त्यामागे नव्हतं. आकडे होते बरं का! टक्केवारी होती. तरीही अस्पष्ट. आकडा घातला की स्पष्टता आली, असं मानणाऱ्यांनी ही सायकल लक्षात ठेवावी.

2008 साली याच मंडळापुढे मियाझाकी प्रकरणात मोठा छपाईयंत्राचा क्लेम आला. कागद भरण्याची जागा अशा उंचीवर, की यंत्रासमोर उभ्या असलेल्या सुमारे 170 सेंटिमीटर उंचीच्या माणसाला कागद भरता येईल. तो माणूस कुठे उभा आहे, जमिनीवर की स्टुलावर? हात किती लांब? मंडळानं तेही अस्पष्ट म्हटलं.

याच्या उलट 1986 चं ऑर्थोकायनेटिक्स. चाकाच्या खुर्चीचा पुढचा भाग मोटारीच्या दाराची चौकट आणि सीट यांच्यामधल्या जागेतून आत जाईल "अशा मापाचा". खालच्या कोर्टानं नाकारलं, अपिलात फेडरल सर्किटनं मान्य केलं. मोटारी वेगवेगळ्या असतात, पण ज्याला खुर्ची बनवायची तो मोटार मोजू शकतो, विषय जेवढा नेमकेपणा पेलतो तेवढा यात आहे, असा सूर. आणि 2014 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलेलं नॉटिलसचं प्रकरण. तिथेही इलेक्ट्रोड होत्या, पण व्यायामाच्या यंत्रावर हाताचे ठोके मोजणाऱ्या. त्या एकमेकींपासून "अंतर राखून" बसवलेल्या. किती अंतर? कोर्टानं नवी कसोटी घातली, रास्त निश्चितीची, आणि प्रकरण परत पाठवलं. 2015 मध्ये फेडरल सर्किटनं पुन्हा क्लेम टिकवला. अंतर माणसाच्या हाताच्या रुंदीहून जास्त असू शकत नाही, नाहीतर मोजणीच होणार नाही. म्हणजे इथेही यंत्राचं माप यंत्राबाहेरच्या हातानं दिलं.

या चारही प्रकरणांत एकच गोष्ट बघायची असते: बाहेरची वस्तू मोजायला मिळते का? यंत्र बनवतानाच मिळते का? युरोपीय पेटंट कार्यालयाच्या परीक्षकांसाठीच्या मार्गदर्शक सूचनांत याचं छान उदाहरण आहे. गाडीच्या नंबरप्लेटची चौकट प्लेटच्या आकारावरून सांगितली तर चालतं, कारण प्लेटचा आकार ठरलेला असतो. गवताच्या गोल गठ्ठ्याचं आच्छादन गठ्ठ्याच्या घेरावरून सांगितलं तरी चालतं. तिथे ठरीव माप नाही, पण जाणकाराला अंदाज सहज येतो.

मग बॅटरीची पट्टी नंबरप्लेट आहे का? इथे फसायला होतं. आपण 18650, 21700 असे आकडे ऐकतो. 18 मिलिमीटर व्यास, 65 लांबी. 21 आणि 70. वाटतं, सगळं ठरलेलंच आहे. पण ते डब्याचं माप. डब्यातली पट्टी किती जाड, लेप कुठे सुरू होतो, कोरी कड किती ठेवायची, हे प्रत्येक कंपनी स्वतः ठरवते आणि बहुतेक वेळा गुपित ठेवते. पाऊचच्या सेलमध्ये तर डबाही ठरलेला नाही. माझ्या मते ही पट्टी ब्रमरच्या स्वाराच्या जातीची आहे, मोटारीच्या दाराच्या नव्हे. मोटार रस्त्यावर उभी असते, टेप लावून मोजता येते. पट्टी आर्द्रता काढून टाकलेल्या बंद खोलीत, दुसऱ्याच्या कारखान्यात असते.

कुणी म्हणेल, वर्णन वाचा ना, तिथे खुलासा असेल. युरोपच्या विस्तारित अपील मंडळानं जून 2025 मध्ये जी 1/24 या निर्णयात हेच सांगितलं, की क्लेमचा अर्थ लावताना वर्णन आणि आकृत्या नेहमीच पाहायच्या. योग्यच आहे. पण वर्णनातही "पट्टीची रुंदी योग्य त्याप्रमाणे निवडावी" एवढंच असेल तर एका धुक्यातून आपण दुसऱ्या धुक्यात जातो.

आता हे तपासणीतच का पकडायला हवं? कारण नंतर पकडणं महाग आहे. युरोपात क्लेमची अस्पष्टता हे मंजुरीनंतरच्या हरकतीचं कारणच नाही. 2015 च्या जी 3/14 प्रमाणे, हरकतीच्या काळात दुरुस्ती केली आणि तिच्यामुळे नवी अस्पष्टता आली, तरच ती तपासतात. मूळचीच असेल तर राहिली. आपल्याकडे कलम 25 च्या हरकतींत शोधाचं वर्णन अपुरं असल्याचं कारण आहे; क्लेमची व्याप्ती स्पष्ट नाही हे कारण मात्र कलम 64 मध्ये, म्हणजे पेटंट रद्द करायच्या अर्जात आहे. 2021 मध्ये आयपीएबी बंद झाल्यापासून त्यासाठी हायकोर्टात जावं लागतं. भोसरीतल्या रोलरवाल्यानं हायकोर्टात जायचं?

तोही एकटा नाही. कलम 48 प्रमाणे यंत्र बनवणं, विकणं, आयात करणं आणि वापरणंही पेटंटधारकाच्या हक्कात येतं. 2021 मध्ये केंद्रानं 18,100 कोटींची योजना आणली, 50 गिगावॉट-तास सेल देशात बनावेत म्हणून. सेल देशात, पण त्यांची यंत्रं मोठ्या प्रमाणात चीन, कोरिया, जपानची. यंत्रं इथे बनायची असतील तर कुंपण कुठे आहे हे इथल्या माणसाला वाचता आलं पाहिजे.

परीक्षकाची बाजूही सांगतो. त्याच्यासमोर हे क्लेम अनेकदा कोरियन किंवा जपानी मजकुरावरून इंग्रजीत आलेले असतात. "विभाग", "युनिट" हे शब्द तिथूनच येतात. त्या भाषांत ते साधे प्रत्यय आहेत, इंग्रजीत आल्यावर जणू वेगळा ठोकळाच असावा असा भास होतो. त्यात कलम 59 मुळे दुरुस्ती मूळ क्लेमच्या बाहेर जाऊ शकत नाही. अर्जदाराचीही अडचण खरी आहे. 300 मिलिमीटर लिहिलं तर प्रतिस्पर्धी 310 चा रोलर करून मोकळा.

पण उपाय आकड्यात नाहीच. मला परीक्षकानं एकच प्रश्न विचारलेला हवा आहे: पट्टी काढून ठेवा, आणि रिकाम्या यंत्रासमोर उभं राहून सांगा, हे यंत्र क्लेममध्ये येतं का? उत्तर देता येत नसेल तर अर्जदारापुढे दोन वाटा आहेत. एक, खांद्याची जागा यंत्राच्याच दुसऱ्या भागावरून सांगा: लेप देणाऱ्या डायच्या तोंडाच्या रुंदीवरून, किंवा खांदे सरकवण्याच्या यंत्रणेवरून. दोन, सरळ "यंत्र आणि त्यात लावलेली अमुक पट्टी" असा जोडक्लेम करा.

दुसरी वाट वकिलांना आवडत नाही, आणि त्याचं कारण कुणी मोठ्यानं बोलत नाही. जोडक्लेम केला की नुसतं यंत्र विकणारा थेट उल्लंघन करत नाही. पट्टी लावणारा करतो. अमेरिकेत उल्लंघनाला हातभार लावणाऱ्याला धरायला वेगळं कलम आहे. आपल्या पेटंट कायद्यात तसं स्पष्ट कलम नाही. म्हणून यंत्राच्या क्लेममध्ये पट्टी घुसवायची, पण ती यंत्राचा भाग आहे असं म्हणायचं नाही. ही निव्वळ ढिसाळ भाषा नव्हे. बऱ्याचदा ती विचारपूर्वक ठेवलेली धूसर भाषा आहे. परीक्षकानं "जवळजवळ" खोडून घेतलं आणि ही मात्र सोडली, ही माझी तक्रार.

एक प्रश्न आलाय. "त्या कारखानदारांचं पुढे काय झालं?" त्यांनी खांदे वेगळ्या कड्यांचे केले, बोल्ट ढिले करून सरकवता येतील असे, आणि सुटे पाठवले. बसवणार गिऱ्हाईक. मला फोनवर विचारलं, "आता तरी सांगता येईल का, सर?" मी म्हटलं, कड्या कुठे बसवणार ते त्यांना लेखी विचारा, आणि उत्तर आलं की मला पाठवा. अजून आलेलं नाही.