वीस नियम आणि त्यातला पहिला

पुस्तकांवर बोलायची मला सवय आहे. इंटरनेटवरच्या एका लेखावर व्याख्यान द्यायची मात्र ही पहिलीच वेळ. पण नांदेड-लातूरला भाड्याच्या खोल्यांत बसून जी पोरं 'नीट'चा अभ्यास करतायत, त्यांच्याशी या लेखाचा फार जवळचा संबंध आहे. म्हणून हा विषय घेतला.

लेखक पिओत्र वोझ्नियाक, पोलंडचा. विद्यार्थी असतानाच, १९८७ साली, त्यानं 'सुपरमेमो' नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. कल्पना साधी आहे. एखादी गोष्ट आपण विसरायच्या बेतात असतो, नेमका तेव्हा तिच्यावरचा प्रश्न पुन्हा समोर आणायचा. आज मुलांच्या फोनवर 'अँकी' नावाचं ॲप दिसतं, त्याची मूळ आकडेमोड सुपरमेमोवरूनच घेतलेली. १९९९ साली वोझ्नियाकनं एक लेख लिहिला. ज्ञान लक्षात राहावं म्हणून ते प्रश्नोत्तरांत कसं मांडावं, याचे त्यात वीस नियम आहेत.

आमच्या शेजारची एक मुलगी लातूरला शिकते. सुट्टीत आली की माझ्याकडे डोकावते. तिनं मला हा लेख दाखवला. म्हणाली, "आजोबा, चौथा नियम वाचा, लई भारी आहे." चौथा नियम असा की, एका प्रश्नात एकच लहान गोष्ट ठेवा. वोझ्नियाक मृत समुद्राचं उदाहरण देतो. त्याची वैशिष्ट्यं सांगा, असा एक मोठा प्रश्न ठेवू नका. तो कुठे आहे, लांबी किती, खारटपणा किती, असे तुकडे करा. तुकडा लहान असला की आठवतो.

हे खरं आहे, बरं का. २००६ साली अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. काही विद्यार्थ्यांनी एक उतारा दोनदा वाचला. काहींनी एकदा वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर चित्र उलटलं. आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात ५६ टक्के होतं, नुसतं वाचणाऱ्यांच्या ४२ टक्के. आता आठवा आपला लातूर पॅटर्न. सराव परीक्षा, चुकांवर चर्चा, पुन्हा परीक्षा. हा प्रयोग व्हायच्या कितीतरी आधीपासून आपले प्राध्यापक हेच करत होते. लातूर पॅटर्नला 'घोकंपट्टी' म्हणून नाकं मुरडणाऱ्यांत मीही होतो. तेवढा भाग मी आज मागे घेतो. (हशा)

मग माझी तक्रार काय? मी त्या मुलीला म्हटलं, "मांजरा नदीवर कार्डं करून दाखव." तिनं दहा मिनिटांत केली. उगम कुठे? बीड जिल्ह्यात, बालाघाटच्या डोंगरात. धरण कुठे? धनेगावला. मिळते कुठल्या नदीला? गोदावरीला. एकही उत्तर चुकलं नाही. मग मी विचारलं, "१२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेच्या दहा टाक्यांतून पाच लाख लिटर पाणी लातूरला आणावं लागलं. नदी असताना असं का?"

ती गप्प झाली. आणि हीच मुलगी त्या उन्हाळ्यात, दुसरी-तिसरीत असताना, लातूरला मामाकडे होती. टँकरपुढे घागर घेऊन उभी राहिलेली. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून शहरात जमावबंदी लावली होती, ती तिनं पाहिलेली. अनुभव होता, माहिती होती. पण दोन्ही एकमेकांना कधी भेटलेच नव्हते! कारण या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच एका कार्डावर मावत नाही. पाऊस, धरण, ऊस, साखर कारखाने, जमिनीखालचं पाणी, वाढतं शहर. यांतला प्रत्येक तुकडा कार्डावर बसेल. पण उत्तर त्या तुकड्यांच्या नात्यात आहे.

वोझ्नियाकवर अन्याय नको. त्याचा पहिला नियमच आहे की, समजलं नसेल तर पाठ करू नका. जर्मन येत नसताना जर्मन भाषेतलं इतिहासाचं पुस्तक पाठ करणाऱ्याचं उदाहरण तो देतो. दुसरा नियम सांगतो की, आधी विषयाचं अख्खं चित्र उभं करा. म्हणजे धोका त्याला ठाऊक आहे. पण समजावं कसं, याबद्दल तो थोडक्यात आटोपतो आणि तुकडे कसे करावेत यावर पानंच्या पानं लिहितो. जिथं लेखकाचा जीव रमतो, तिथंच वाचकाचा रमतो. म्हणून मुलगी माझ्याकडे आली ती चौथा नियम घेऊन. पहिला नियम तिनं वाचला होता, पण तो तिला अडला नव्हता.

आपल्या न्यायशास्त्रात ज्ञानाचे दोन भाग करतात, अनुभव आणि स्मृती. स्मृती म्हणजे केवळ संस्कारातून उपजणारं ज्ञान. नैयायिक स्मृतीला 'प्रमा' मानत नाहीत. ती खोटी असते म्हणून नव्हे. ती स्वतंत्र नसते, आधीच्या अनुभवावर विसंबून आधी कळलेलं फक्त परत आणते, म्हणून. सुपरमेमो काय, अँकी काय, लातूर पॅटर्न काय, ही सगळी परत आणण्याची उत्तम साधनं आहेत. आणायला आधी काही कळलेलं असावं लागतं, ते काम ही साधनं करत नाहीत.

'नीट'चे १८० प्रश्न चार पर्यायांचे असतात. तिथं कार्डं उपयोगी पडतात, म्हणून मुलांना ती सोडा असं मी सांगणार नाही. आईबापांनी शेतीच्या उत्पन्नातून फी भरलीय, त्यांच्यापुढं असला उपदेश शोभत नाही. मी त्या मुलीला एवढंच सांगितलं की, दर रविवारी एक असा प्रश्न वहीत लिही, ज्याचं उत्तर कार्डावर मावणार नाही. मग ज्या कार्डांनी ते उत्तर बनेल, ती शेजारी मांड.

परवा तिचा फोन आला. म्हणाली, "आजोबा, आमच्या शेतातही ऊसच आहे. मग पाणी संपवणाऱ्यांत आम्हीपण आलो का?"

मी म्हटलं, "हा प्रश्न तुला कुठल्या ॲपनं विचारला?" ती हसली. उत्तर मी दिलं नाही, कारण ते एका वाक्याचं नाहीच. पण पहिला नियम तिला अडला होता.