थिबा राजघराण्याची रत्नागिरी : तीन ग्रंथ आणि एक राहिलेले प्रकरण

राज्य गेल्यानंतर राजघराण्यातील माणसांचे पुढे काय होते, हा प्रश्न इतिहासकारांना सहसा गौण वाटत आला आहे. सत्ता नव्या धन्याकडे गेली की इतिहासलेखनही त्याच्यामागे जाते, आणि ज्याचे सिंहासन गेले त्याचे उरलेले आयुष्य एखाद्या परिच्छेदात उरकले जाते. यास अपवाद घडतो तो पदच्युत राजाला स्वतःची बाजू मांडण्याची सोय असेल तेव्हा. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म १९१८ च्या नोव्हेंबरात हॉलंडमध्ये आश्रयास गेला, तो १९४१ साली डोर्न येथे मरण पावेपर्यंत तेथेच राहिला. या अवधीत त्याने आपल्या आठवणी लिहिल्या, त्या १९२२ साली प्रसिद्ध झाल्या आणि अनेक देशांत वाचल्या गेल्या. त्याची कन्या व्हिक्टोरिया लुईझे हिनेही १९६५ साली आपली जीवनकहाणी प्रसिद्ध केली. या घराण्याविषयी प्रतिकूल मत असणाऱ्यासही निदान त्याचे स्वतःचे म्हणणे ऐकून मग निकाल देता येतो.

रत्नागिरीत ठेवलेल्या ब्रह्मी राजघराण्याच्या वाट्याला ही सोय आली नाही. कोनबाउंग वंशातील अखेरचा राजा थिबा याचे राज्य १८८५ च्या नोव्हेंबरात, दोन आठवड्यांच्या युद्धानंतर, इंग्रजांनी घेतले. १ जानेवारी १८८६ रोजी उत्तर ब्रह्मदेश ब्रिटिश साम्राज्यास जोडला गेला. राजा, राणी सुपायालत, धाकटी राणी व दोन लहान मुली यांना प्रथम मद्रासेस आणि १८८६ च्या एप्रिलमध्ये रत्नागिरीस आणण्यात आले. तिसरी राजकन्या मद्रासेस जन्मली, तर चौथीचा जन्म १८८७ साली रत्नागिरीतच झाला. स्थळाची निवड विचारपूर्वक केलेली होती. घाटाने देशापासून तोडलेले, आगगाडी नसलेले आणि पावसाळ्यात समुद्रमार्गही बंद पडणारे हे गाव बंदिवासास सोयीचे होते. पुढे १९२४ पासून १९३७ पर्यंत सावरकरांना स्थानबद्ध करण्यासाठी सरकारने हाच जिल्हा निवडला, यावरून ही सोय सरकारच्या किती अंगवळणी पडली होती ते दिसते.

या घराण्याच्या रत्नागिरीतील वास्तव्याविषयी तीन ग्रंथ विशेष विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला वॉल्टर सद्गुण देसाई यांचा, १९६७ साली मुंबईच्या भारतीय विद्या भवनाने प्रसिद्ध केलेला इंग्रजी ग्रंथ. दुसरी अमिताव घोष यांची 'द ग्लास पॅलेस' ही २००० सालची कादंबरी. आणि तिसरे सुधा शाह यांचे 'द किंग इन एक्झाइल' हे २०१२ सालचे चरित्र. एकाच घटनेचा इतिहास, कादंबरी व कौटुंबिक चरित्र अशी ही तीन रूपे होत. त्यांचे गुणदोष एकमेकांशेजारी ठेवून पाहिले असता त्यांतून एक समान गृहीतकृत्य हाती लागते, आणि त्याचीच परीक्षा येथे करावयाची आहे.

देसाई हे रंगून विद्यापीठात इतिहासाचे अध्यापन केलेले संशोधक. त्यांची साधने मुख्यतः सरकारी दप्तरातील असून त्यांचा उपयोग त्यांनी चोखपणे केला आहे. परंतु साधनांची दृष्टी लेखकाच्या दृष्टीत नकळत उतरते. सरकारी दप्तराच्या लेखी थिबा हा एक खर्चाचा विषय आहे आणि एक संभाव्य उपद्रव आहे. त्याचा तनखा किती असावा, कर्जाची वाट कशी लावावी, त्याने दागिने विकले तर हिशेब कोणी ठेवावा, कोणास भेटू द्यावे, या प्रश्नांपलीकडे ते दप्तर क्वचितच जाते. राजाचा शब्द त्यात आढळतो तो अर्जाच्या रूपाने. आणि अर्जातील माणूस सदैव याचकच दिसतो, मग तो मुळात कसाही असो. शिवाय ग्रंथाने आपल्या शीर्षकातच १८८५ ते १९१६ अशी कालमर्यादा घालून घेतली आहे. १९१६ च्या डिसेंबरात राजा वारला. ज्या माणसासाठी एवढा पत्रव्यवहार चालला होता तोच राहिला नाही, म्हणून विषय संपला, असा या मर्यादेचा अर्थ होतो. राजाच्या मुलींचे आयुष्य मात्र पुढे चालूच होते.

घोष यांच्या कादंबरीने दप्तरातील या मौनाला वाचा दिली, हे तिचे मोठेच श्रेय होय. टेकडीवरील घरातून राजा दुर्बिणीने समुद्र न्याहाळीत बसतो, परतणाऱ्या होड्या प्रथम त्याला दिसतात, आणि हळूहळू गावकरी त्याला आपला राखणदार समजू लागतात, हा कल्पनेचा भाग बंदी व गाव यांच्यातील नाते कोणत्याही अहवालापेक्षा नेमके सांगतो. परंतु थोरल्या राजकन्येची कथा येते तेथे कादंबरीकाराची गरज इतिहासावर मात करते. राजवाड्यावरील नोकर गोपाळ सावंत याच्यापासून या राजकन्येस १९०६ साली मुलगी झाली, ही घडलेली गोष्ट आहे. कादंबरीत तो मोहन सावंत नावाचा गाडीवान होतो. नाव बदलण्यास हरकत नाही. तो कादंबरीकाराचा हक्कच आहे. आक्षेप आहे तो वेगळ्या गोष्टीला. राजकन्येचे गरोदरपण कादंबरीत मुख्यतः कलेक्टर डे या कल्पित हिंदी अधिकाऱ्याच्या अधःपाताचे कारण म्हणून वापरले गेले आहे. साम्राज्याची चाकरी करणाऱ्या सुशिक्षित हिंदी माणसाची शोकांतिका हा लेखकाचा खरा विषय आहे, आणि तो त्याने समर्थपणे मांडला आहे. पण त्यापायी राजकन्या निमित्तमात्र ठरते. पुढे कथानक मलायाकडे व रंगूनकडे वळते, आणि रत्नागिरी मागे पडते.

शाह यांचे चरित्र या दोन्ही उणिवा पुष्कळ अंशी भरून काढते. घोष यांच्या कादंबरीच्या वाचनातून त्यांच्या शोधाला चालना मिळाली. परंतु त्यांनी पुढे दप्तरे तपासली, वंशजांना व जाणकारांना भेटून विचारपूस केली, आणि राजाच्या मृत्यूपाशी न थांबता चारही मुलींची आयुष्ये शेवटपर्यंत सांगितली. १९१९ साली राणी व मुली ब्रह्मदेशास परतल्या. मंडालेस जाऊन राहण्याची मोकळीक राणीला मिळाली नाही; १९२५ साली ती रंगूनमध्ये वारली. दुसऱ्या राजकन्येने बापाच्या मृत्यूनंतर स्वतःच्या पसंतीने विवाह केला आणि तिचा अंत १९५६ साली कालिम्पाँग येथे झाला. चौथी १९३६ साली मौलमीन येथे निवर्तली. हा सर्व वृत्तान्त एका सूत्रात ओवल्यामुळे या विषयाचा कोणताही यापुढील अभ्यास शाह यांच्या पुस्तकापासूनच सुरू व्हावा लागेल.

तथापि त्यांच्या पुस्तकाच्या उपशीर्षकात 'पतन' या अर्थाचा शब्द आहे, आणि तो शब्द तपासून घेण्याजोगा आहे. पतन मोजण्यासाठी एक उंची गृहीत धरावी लागते. राज्य गेले हे पतन खरेच. त्याविषयी वाद नाही. परंतु थोरली राजकन्या म्यात फया ग्यी हिचे पुढील आयुष्यही त्याच मापाने मोजले की ते त्याच घसरणीची शेवटची पायरी वाटू लागते : राजवाडा, मग बंगला, मग नोकराचे घर, मग दारिद्र्य. देसाई यांच्या मर्यादेत हे आयुष्य बसत नाही, घोष यांच्या कथानकाला त्याची गरज उरत नाही, आणि शाह यांच्या सहानुभूतीला ते करुण वाटते. तिघांचेही माप सिंहासनाचेच आहे.

आता ज्ञात गोष्टी पुन्हा पाहाव्यात. १९१९ साली ही राजकन्या आपल्या मुलीसह ब्रह्मदेशास गेली. तेथे तिची आई होती, बहिणी होत्या, आणि राजघराण्याविषयी आदर बाळगणारी प्रजा होती. असे असता ती थोड्याच काळात रत्नागिरीस परत आली आणि १९४७ साली मृत्यू येईपर्यंत तेथेच राहिली. तिला १८८६ साली रत्नागिरीस आणले तेव्हा ती पाच वर्षांची होती; त्या येण्यात तिच्या इच्छेचा प्रश्न नव्हता. दुसऱ्या वेळी मात्र ती स्वतःहून आली. सरकारने ज्या गावाची तिच्या घराण्यासाठी तुरुंग म्हणून निवड केली, ते गाव तिने राहण्यासाठी निवडले, एवढे तरी निश्चितपणे म्हणता येते. ही निवड सुखाची ठरली असे मात्र कोणी म्हणू नये. गोपाळ सावंत आधीच विवाहित होता, राजकन्येची अखेरची वर्षे हलाखीत गेली, आणि त्या काळच्या समाजाने अशा घराकडे कोणत्या नजरेने पाहिले असेल हे सांगावयास नको. निवड स्वतःची असली म्हणजे तिचे फळ गोड असतेच असे नाही. परंतु केलेली निवड आणि कोसळलेली आपत्ती या दोन भिन्न गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत करणारे चरित्र अपुरे राहते.

या निवडीचा अर्थ लावण्यास लागणारी साधने दिल्लीच्या किंवा लंडनच्या दप्तरात सापडण्याचा संभव थोडा. राजकन्येची कन्या टूटू रत्नागिरीतच लहानाची मोठी झाली, मराठी बोलली, मराठी संसारात नांदली आणि २००० साली वारली. म्हणजे ब्रह्मदेशाच्या राजघराण्याची एक शाखा तीन पिढ्यांत मराठी झाली. अशा शाखेचा इतिहास गावाच्या नोंदींत, दुकानदारांच्या वह्यांत, 'सत्यशोधक'सारख्या रत्नागिरीहून निघणाऱ्या वृत्तपत्रांच्या जुन्या अंकांत आणि शेजारपाजारच्या घरांतील बोलण्यात शोधावा लागतो. तिन्ही ग्रंथ इंग्रजीत लिहिले गेले हा दोष नव्हे. पण ज्या भाषेत राजकन्येचा दैनंदिन व्यवहार चालला, ती भाषा त्यांच्या साधनांत मध्यभागी नाही, हा परिणाम मात्र दुर्लक्षून चालणार नाही.

मराठी वाचकाला मंडाले हे नाव परिचित आहे ते लोकमान्य टिळकांमुळे. रत्नागिरीत जन्मलेले टिळक १९०८ ते १९१४ या काळात मंडालेच्या किल्ल्यातील तुरुंगात होते, आणि त्याच वेळी मंडालेचा राजा रत्नागिरीत होता. १९१० च्या नोव्हेंबरात थिबा सरकारने बांधलेल्या नव्या राजवाड्यात राहावयास गेला. त्याच हिवाळ्यात टिळकांनी 'गीतारहस्य' लिहून काढले. हा योगायोग वारंवार सांगितला जातो, आणि तो मनोवेधक आहेच. परंतु त्यातील विषमता क्वचितच ध्यानात घेतली जाते. मंडालेच्या बंदिवासाचे मराठीत दिवसवार म्हणावे इतके तपशील जमा झाले, कारण तो बंदी लिहिणारा होता आणि त्याचे वाचक त्याची वाट पाहत होते. रत्नागिरीतल्या बंदीच्या बाबतीत यातले एकही नव्हते. ज्या समाजाने आपल्या बंदिवानाची आठवण इतक्या निगुतीने जपली, त्याच्याकडून आपल्या दारी आणून ठेवलेल्या बंदिवानाविषयीही तेवढ्याच आस्थेची अपेक्षा केली तर ती अवाजवी ठरू नये.

राज्यकर्त्यांच्या स्तरावर या स्मृतीस अलीकडे उजाळा मिळाला. २०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे तत्कालीन अध्यक्ष थेन सेन यांनी रत्नागिरीतील थिबाच्या समाधीचे दर्शन घेतले. त्याच वर्षाच्या मे महिन्यात भारताचे तत्कालीन पंतप्रधान मनमोहन सिंग रंगूनमध्ये बहादुरशहा जफर यांच्या कबरीपाशी गेले होते. २०१६ साली थिबाच्या मृत्यूस शंभर वर्षे झाली, तेव्हा वंशज रत्नागिरीस आले. हे सर्व उचितच झाले. मात्र शासकीय शिष्टाचार राजाची समाधी ओळखतो. आपल्या मर्जीने परत आलेल्या राजकन्येसाठी त्याच्यापाशी विधी नाही. ते काम इतिहासकाराचे आहे. देसाई यांनी दप्तर खुले केले, घोष यांनी त्यात प्राण ओतले, शाह यांनी माणसे वेगळी ओळखू येतील अशी उभी केली. १९१९ ते १९४७ या अठ्ठावीस वर्षांचे, रत्नागिरीतील साधनांवर आधारलेले मराठी प्रकरण या तिघांना जोडले गेले, तर पतनाचा म्हणून वाचला गेलेला हा इतिहास निदान एका व्यक्तीपुरता तरी फेरतपासणीस घ्यावा लागेल.