कांचनभट आणि वीटभट्टीवरचा बाप

देवलांचें 'संगीत शारदा' १८९९ सालीं रंगभूमीवर आलें, आणि तेव्हांपासून मुलीच्या अकालीं लग्नाचा विषय निघाला कीं आपल्या डोळ्यांपुढें कांचनभट उभा राहतो. पैशासाठीं पोटची पोर म्हाताऱ्या भुजंगनाथास देऊं पाहणारा हा बाप प्रेक्षकांस फार सोयीचा आहे. त्याच्यावर संतापून घरीं जावें. आपण कांचनभट नाहीं, एवढें समाधान पदरीं पडतें.

नाटकाचें मोल कमी करण्याचा आमचा हेतु नाहीं. घरगुती संवाद इतक्या सहजतेनें लिहिणारे नाटककार आपल्याकडे थोडेच. परंतु शारदा सुटते ती कशानें? वधूवर सगोत्र निघतात म्हणून. गोत्र निराळें असतें तर? आणि तिची अखेरची सुटका म्हणजे कोदंडाशीं लग्न. शाळा या नाटकाच्या वाटेवर कोठेंच लागत नाहीं. हरिभाऊ आपट्यांच्या 'पण लक्ष्यांत कोण घेतो' मधील यमूस विद्या मिळते ती नवऱ्याच्या हातून. प्रत्यक्षांत रमाबाई रानड्यांचेंही तसेंच : १८७३ सालीं, अकराव्या वर्षीं लग्न, आणि मग धुळाक्षरें. एका पारड्यांत शाळा व दुसऱ्यांत लग्न, असा प्रसंग या आईबापांवर आलाच नाहीं.

तो येतो पेण-रोह्याकडच्या कातकरी वाड्यांवर. दिवाळी झाली कीं कित्येक कुटुंबें वीटभट्ट्यांवर निघतात, तीं पावसाळा तोंडावर आल्यावरच परततात. उचल आधींच घेतलेली. काम जोडप्यानें करावयाचें, मजुरी हजार विटांमागें. चौदा वर्षांची मुलगी मागें ठेवावी, तर झोपडींत तिच्या सोबतीस कोण? बरोबर न्यावी, तर शाळेचें दुसरें सत्र बुडालें, आणि एकदां मागें पडलेली मुलगी बहुधा वर्गांत परत येत नाहीं. आश्रमशाळा आहेत; पण वयांत आलेली मुलगी परक्याच्या भरंवशावर सोडण्यास सुखवस्तु घरांतही धीर लागतो, हें आपण विसरूं नये. अशा वेळीं लग्न म्हणजे त्या बापास राखण वाटते. बालविवाहाविरुद्धचा २००६ चा कायदा अठरा वर्षें म्हणतो, आणि तो योग्यच आहे. बापाचा हिशेब चुकतो, व ती चूक मुलीच्या देहावर वसूल होते. तरी तो हिशेब आहे. कांचनभटाचा सौदा नव्हे.

आमचे कथालेखक या बापाकडे वळले, तर बहुधा त्यास कांचनभटाचाच अंगरखा चढवितात. लोभाच्या जागीं दारू, इतकाच फरक. आणि मुलगी? शारदा निदान आपलें दुःख गाऊन सांगते. अर्ध्यावर राहिलेला धडा कोणता होता, हें या दुसरीस विचारणारी कथा आमच्या वाचनांत अद्याप आलेली नाहीं.