कार्ल ऑस्करचा सातबारा

दक्षिण स्वीडनमधल्या व्हेक्शो नावाच्या शहरात येऊन मला दीड वर्ष झालं. शहर म्हणायचं, पण वस्ती लाखाच्या आत. निघताना मित्रांनी दोन गोष्टी दिल्या होत्या, थंडीच्या कपड्यांची यादी आणि 'अपूर्वाई'. यादी उपयोगी पडली. 'अपूर्वाई' विमानात पुन्हा वाचली, पुन्हा हसलो. पण डिसेंबरात दुपारी साडेतीनला अंधार पडायला लागला आणि लक्षात आलं, की मला आता जे वाचायला हवंय ते या पुस्तकात नाही.

यात पुलंचा दोष नाही. ते बीबीसीत दूरचित्रवाणीचं प्रशिक्षण घ्यायला गेले होते आणि परत येणार होते. १९६० साली आलेलं ते पुस्तक पाहुण्याचं आहे, आणि पाहुण्यानं आधी स्वतःला हसावं हे शहाणपण त्यात आहे. घोटाळा पुढे झाला. आपण परदेशाबद्दल लिहायचा तोच साचा धरून बसलो. वर्षानुवर्षं राहणारा माणूसही पाहुण्यासारखं लिहितो. तिकडचे रस्ते असे, आपले तसे. तिकडची शिस्त, आपला जिव्हाळा. रील असो की दिवाळी अंकातला लेख, गोष्ट विमानतळावर सुरू होते. तिकिटाचे पैसे कुठून आले, हा प्रश्न कोणी विचारत नाही.

माझे कुठून आले ते सांगतो. मी पौडचा. मुळशी तालुक्याचं हे मुख्यालय. इथून पुण्याकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना फार्महाऊसच्या पाट्या दिसतात. त्यातल्या एका पाटीमागे आमचं भाताचं खाचर होतं. मी बारावीला असताना वडिलांनी ते विकलं. त्यातून इंजिनिअरिंगची चार वर्षं झाली, बहिणीचं लग्न झालं, घरावर स्लॅब पडला.

'मुळशी पॅटर्न' (२०१८) तुम्ही पाहिला असेल. प्रवीण तरडे यांचा तो सिनेमा जमीन गेलेल्या घरातल्या, गुन्हेगारीत ओढल्या गेलेल्या पोराचा आहे. आमच्या भागात तो लोकांनी घरच्या कार्याला जावं तसा पाहिला. पण त्याच पैशातून शिकलेला, लॅपटॉप घेऊन निघून गेलेला पोरगाही तालुक्यात आहे. त्याची गोष्ट अजून कोणी लिहिलेली नाही. ती मला सापडली व्हेक्शोत, एका स्वीडिश शेतकऱ्याच्या नावावर.

विल्हेल्म मोबर्गची चार कादंबऱ्यांची मालिका आहे, १९४९ ते १९५९ या दहा वर्षांत आलेली. मी ती इंग्रजी अनुवादात वाचली. यान त्रोएल यांनी तिच्यावर सिनेमे केले, 'आबा'च्या बेनी आणि ब्योर्न यांनी १९९५ मध्ये संगीतिका केली. कथा साधी आहे. स्मोलांड प्रांतातला कार्ल ऑस्कर आणि त्याची बायको क्रिस्टिना १८५० साली पोराबाळांसह जहाजानं अमेरिकेला जातात आणि मिनेसोटात एका तळ्याकाठी शेती करतात. स्मोलांड म्हणजे मी राहतो तोच भाग. इथे रानात फिरताना दगड रचून केलेल्या लांबच लांब भिंती दिसतात. शेतातून वेचून काढलेले ते दगड. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे १३ लाख लोक हा देश सोडून अमेरिकेला गेले. त्यांच्या आठवणींसाठी व्हेक्शोत १९६८ पासून एक संग्रहालय उभं आहे.

मला थांबवलं ते मोबर्गच्या मांडणीनं. पहिल्या खंडाचा जवळजवळ अर्धा भाग जहाज येतच नाही. त्याऐवजी येतो गाव, त्यातली माणसं, जमिनीवरचं कर्ज. शेतातले दगड काढताना कार्ल ऑस्करचा बाप अधू होतो. शेत मुलाच्या नावावर होताना म्हाताऱ्यांच्या वाट्याला किती धान्य आणि कुठली खोली, हे ठरवलं जातं. वाचताना वाटत होतं, मी तलाठ्याकडे बसून कोणाचा तरी सातबारा आणि फेरफार बघतोय. मग दुष्काळात कार्ल ऑस्करची थोरली पोर भुकेपोटी जवाचा घाटा अधाशीपणे खाते, तो पोटात फुगतो आणि ती मरते. तोवर जायला तयार नसलेली क्रिस्टिना त्यानंतर तयार होते. जहाजावर पाय ठेवेपर्यंत वाचकाला कळलेलं असतं, की या प्रवासाची किंमत कोणी, कशी चुकती केली.

मालिकेच्या नावांतही हे आहे. पहिल्या कादंबरीचं नाव 'उतवांद्रार्ना', म्हणजे बाहेर निघालेले. दुसरीचं 'इनवांद्रार्ना', म्हणजे आत आलेले. माणसं तीच. मी सरकारी वर्गात स्वीडिश शिकतो, त्या वर्गाच्या नावातही 'इनवांद्रारे' हा शब्द आहे. पौडला मात्र मी 'बाहेर गेलेला'. आपल्या बोलीत निघालेल्याला शब्द आहे, पोचलेल्याला नाही. म्हणूनच की काय, आपलं परदेशलेखन पोचतच नाही.

मोबर्ग सगळीकडे मला पटला असं नाही. तो समजावत बसतो, एकच गोष्ट तीनदा सांगतो. घर सोडल्याचं जवळजवळ सगळं दुःख त्यानं क्रिस्टिनाच्या पदरात टाकलंय. कार्ल ऑस्कर झाडं तोडतो, ती झुरते. खरं तर झाडं तोडणाराही झुरत असणार. पण एका बाबतीत तो प्रामाणिक आहे. कार्ल ऑस्करला मिळालेली सुपीक जमीन रिकामी नव्हती, तिथून मूळ रहिवाशांना हटवलं होतं, हे तो लपवत नाही. शेवटच्या खंडात १८६२ चा डकोटांचा उठाव येतो.

ही पानं वाचताना मुळशीच्या माणसाला धरण आठवणारच. टाटांच्या वीजप्रकल्पात बुडणाऱ्या जमिनींसाठी १९२१ साली आमच्या तालुक्यात सत्याग्रह झाला, पांडुरंग महादेव बापट त्यातून 'सेनापती' झाले. राजेंद्र व्होरा यांनी त्यावर पुस्तक लिहिलं आणि त्याला जगातली पहिली धरणविरोधी चळवळ म्हटलं. त्या वेळी जमीन सरकारी कायद्यानं गेली. आमची गेली ती आमच्याच सहीनं. दोन्हींत फरक आहे आणि तो मी पुसणार नाही. तसाच फरक कार्ल ऑस्करमध्ये आणि माझ्यातही आहे. तो भुकेनं निघाला, मी पगारवाढीनं. त्यानं आईबापांना पुन्हा पाहिलं नाही, मी रोज व्हिडिओ कॉल करतो. 'शेवटी आपण सगळे स्थलांतरितच' असं इथे कोणी म्हणालं की बरं वाटतं, पण ते खरं नाही. भुकेला त्यातून वगळलं की ती फक्त गोड बोलणी उरतात.

एक गोष्ट मात्र जशीच्या तशी जुळते. कार्ल ऑस्करची घरी जाणारी पत्रं छोटी, ठरावीक साच्यातली असतात. आम्ही खुशाल आहोत, तुम्हीही असाल. वाचकाला आधीच्या पानांतले हाल माहीत असतात, पत्रात ते नसतात. चारही खंडांत मला ही पत्रं सगळ्यात बोलकी वाटली.

कारण मार्चमध्ये वडिलांनी फोनवर विचारलं, "उरलेली वीस गुंठं ठेवायची का द्यायची? गिऱ्हाईक आलंय. तू यायचा असशील तर ठेवतो." मी म्हणालो, "बघू. इथे सगळं मस्त चाललंय. तुमची तब्येत कशी?" फोन ठेवल्यावर कळलं, की मी कार्ल ऑस्करचं पत्रच वाचून दाखवलं.

मराठीत अशी कादंबरी यावी असं मला वाटतं. ती इथल्या बर्फानं सुरू होऊ नये. ती आंबेमोहोराच्या खाचरात, मोजणीच्या दगडापाशी सुरू व्हावी, आणि विमान अर्ध्या पुस्तकानंतर यावं. लिहिणारा मीच असेन असं नाही. मला कोड लिहिता येतो, कादंबरी येत नाही.

वडिलांना अजून उत्तर दिलेलं नाही. लावणीला येतोय, तोवर गिऱ्हाइकाला थांबवा, एवढं कळवलंय. बोलायचं ते बांधावर उभं राहून बोलू.