आर्किमिडीजचे दुसरे पुस्तक

आपल्या शाळांत आर्किमिडीज येतो तो न्हाणीघरातून. राजाचा मुकुट, भरलेले टब, सांडलेले पाणी आणि ‘युरेका’ ही गोष्ट सांगून झाली की तत्त्व फळ्यावर लिहिले जाते आणि धडा संपतो. ही गोष्ट आर्किमिडीजच्या कोणत्याही उपलब्ध ग्रंथात नाही. ती व्हिट्रुव्हियस या रोमन वास्तुशास्त्रज्ञाने सुमारे दोनशे वर्षांनंतर लिहिली. शिवाय तिच्यात मोजले जाते ते सांडलेल्या पाण्याचे आकारमान. पाणी वस्तूला वर ढकलते याचा तिच्यात संबंधच येत नाही. ही पद्धत फार ढोबळ आहे, असे तरुण गॅलिलिओने १५८६ साली एका छोट्या निबंधात म्हटले आणि तिच्याऐवजी पाण्यात वजन करण्याचा तराजू सुचवला.

मग आर्किमिडीजने स्वतः काय लिहिले? त्याचा ‘तरंगणाऱ्या वस्तूंविषयी’ हा ग्रंथ दोन भागांत आहे. १२६९ साली झालेल्या लॅटिन भाषांतरामुळे तो युरोपला माहीत होता. मूळ ग्रीक पाठ मात्र १९०६ साली हायबर्ग या डॅनिश अभ्यासकाला एका प्रार्थनापुस्तकाच्या पानांवर सापडला. जुनी अक्षरे खरवडून त्यावर प्रार्थना लिहिल्या होत्या! हा ग्रंथ आज शिक्षकांनी कसा वाचावा आणि शाळेने त्याचे काय केले, हे येथे पाहू.

पहिल्या भागाची सुरुवात एका साध्या गृहीतकाने होते. द्रवाच्या कमी दाबल्या गेलेल्या भागाला जास्त दाबला गेलेला भाग ढकलतो. एवढ्यावरून आर्किमिडीज पायरीपायरीने पाचव्या प्रमेयाला पोचतो. द्रवापेक्षा हलकी वस्तू, तिच्या वजनाइतका द्रव बाजूला सारला जाईल एवढीच बुडते. सातवे प्रमेय सांगते की जड वस्तू तळाशी जाते, पण द्रवात तिचे वजन बाजूला सारलेल्या द्रवाच्या वजनाइतके कमी भरते. आपण वर्गात शिकवतो ते तत्त्व या दोन प्रमेयांतले आहे. गृहीतक कमी आणि निष्पत्ती मोठी, म्हणून हा भाग आजही वाचायला आनंद होतो.

पण पुस्तक तिथे थांबत नाही. पहिल्या भागाच्या शेवटी आणि संपूर्ण दुसऱ्या भागात आर्किमिडीज वेगळाच प्रश्न विचारतो. तरंगणारी वस्तू थोडी कलती केली आणि सोडली, तर ती परत सरळ होईल का? पहिल्या भागात तो गोलाचा तुकडा घेतो, दुसऱ्या भागात पॅराबोला फिरवून होणारा घन घेतो आणि कोणत्या उंचीला व कोणत्या घनतेला तो सरळ उभा राहील हे दहा प्रमेयांत काढतो. आमच्या मते ग्रंथाचे खरे मोठेपण या प्रश्नात आहे. शाळेने मात्र पहिला भाग उचलला आणि दुसरा सोडून दिला.

याचा थोडा दोष ग्रंथकाराकडेही जातो. एवढी खटपट कशासाठी, हे तो कुठेच सांगत नाही. जहाज हा शब्द नाही, उदाहरण नाही, प्रयोग नाही. निवडलेला आकार गणिताला सोयीचा. भूमिती इतकी अवघड की वाचणारे थोडेच निघाले. खऱ्या जहाजाच्या आकाराला लागू पडेल असा नियम पिएर बूगेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७४६ साली प्रसिद्ध केला. मधल्या काळात जहाजे बांधली गेली ती अनुभवावर आणि अंदाजावर.

अंदाज चुकला की काय होते, हे ‘वासा’ या स्वीडिश युद्धनौकेने दाखवले. ६४ तोफांची ही नौका १० ऑगस्ट १६२८ रोजी स्टॉकहोमच्या बंदरातून निघाली. जेमतेम तेराशे मीटर गेल्यावर वाऱ्याच्या झोताने ती कलली, खालच्या ओळीतल्या तोफांच्या झरोक्यांतून पाणी आत शिरले आणि ती बुडाली. सुमारे ३० माणसे गेली. त्याआधी धक्क्याशी असताना तीस खलाशांना डेकवर या बाजूकडून त्या बाजूकडे पळवून पाहिले होते. नौका इतकी डुलली की चाचणी तिसऱ्या फेरीनंतर थांबवावी लागली. निघताना वासा आपल्या वजनाइतके पाणी व्यवस्थित बाजूला सारत होती. पाचव्या प्रमेयात ती उत्तीर्ण होती. नापास झाली ती दुसऱ्या पुस्तकात.

सरळ राहण्यामागचे कारण असे. वजन वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली ओढते. पाणी वर ढकलते ते बुडालेल्या भागाच्या मध्यातून. त्याला प्लवनमध्य म्हणू. नौका कलली की बुडालेल्या भागाचा आकार बदलतो आणि प्लवनमध्य कललेल्या बाजूकडे सरकतो. तेथून सरळ वर काढलेली रेषा नौकेच्या मध्यरेषेला जिथे छेदते, त्या बिंदूला बूगेरने मेटासेंटर असे नाव दिले. गुरुत्वमध्य या बिंदूच्या खाली असेल तर दोन्ही बले मिळून नौका सरळ करतात. तो वर असेल तर तीच बले तिला आणखी कलती करतात.

‘गुरुत्वमध्य प्लवनमध्याच्या खाली हवा’ असे वाक्य पुष्कळदा वाचायला मिळते. पूर्ण बुडालेल्या पाणबुडीला ते लागू आहे. तरंगणाऱ्या नौकेला ती अट लागत नाही. बहुतेक जहाजांचा गुरुत्वमध्य प्लवनमध्याच्या वरच असतो.

हे वर्गात दाखवता येते. सुताराकडून सागवानाचे १५ सेंमी लांबीचे दोन तुकडे आणावेत. एकाचा छेद २ × २ सेंमी, दुसऱ्याचा ४ × २ सेंमी. पाण्यात सोडल्यावर रुंद तुकडा सपाट पडून राहतो. चौरस तुकडा सपाट ठेवला तरी फिरतो आणि कडा वर करून तरंगतो. लाकूड तेच, घनताही तीच, मग वागणे वेगळे का? मुलांना येथे थोडा वेळ विचार करू द्यावा.

नंतर आकडेमोड करावी. सागवानाची सापेक्ष घनता साधारण ०.६५ धरली तर सपाट ठेवलेला कोणताही तुकडा १.३ सेंमी बुडेल. तळापासून प्लवनमध्य ०.६५ सेंमीवर आणि गुरुत्वमध्य १ सेंमीवर येईल. अशा आयताकृती ठोकळ्यात मेटासेंटर प्लवनमध्याच्या वर, रुंदीच्या वर्गाला बुडालेल्या खोलीच्या बारा पटीने भागून येईल तेवढ्या अंतरावर असतो. चौरस तुकड्यासाठी हे अंतर ०.२६ येते. बेरीज ०.९१, म्हणजे गुरुत्वमध्याच्या खाली. रुंद तुकड्यासाठी ते १.०३ येते. बेरीज १.६८, म्हणजे बरीच वर. रुंदी दुप्पट केली तर हे अंतर चौपट होते, हेही मुलांच्या लक्षात आणून द्यावे. होड्या पसरट का असतात, ते मग वेगळे सांगावे लागत नाही.

आमचा आग्रह केवळ अभ्यासक्रमाच्या पूर्णतेसाठी नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट भर पावसाळ्यात वाटेतच उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे बुडाली. आपल्या किनाऱ्यावर आणि नद्यांवर आजही मुले होडीतून ये-जा करतात. होडीत उभे राहू नका, सगळे एका बाजूला जाऊ नका, जड सामान टपावर ठेवू नका, असे आपण त्यांना बजावतो. माणसे उभी राहिली किंवा सामान वर ठेवले की गुरुत्वमध्य वर सरकतो. सगळे एका बाजूला धावले की तो त्या बाजूला जातो. ज्या मुलाने कडेवर फिरणारा लाकडाचा तुकडा पाहिला आहे, त्याला ही सूचना केवळ मोठ्यांचा धाक वाटणार नाही.

युरेकाची गोष्ट सांगायला हरकत नाही, ती मुलांना आवडते. मात्र तिच्यासाठी पाच मिनिटे पुरेत. तासाचा उरलेला वेळ एक परात पाणी आणि हे दोन तुकडे यांना द्यावा.