डार्विनची कबुतरं

१८५९ साली प्रकाशक जॉन मरे यांनी 'ऑरिजिन ऑफ स्पीशीज'चं हस्तलिखित व्हिटवेल एल्विन या संपादकांना वाचायला दिलं. एल्विन पेशानं पाद्री. त्यांचा सल्ला असा, की बाकीचं सगळं बाजूला ठेवा आणि नुसतं कबुतरांवर पुस्तक काढा, कबुतरांत सगळ्यांनाच रस असतो. आज हे ऐकून हसू येतं. पण तुम्ही त्या पुस्तकाचं पहिलं प्रकरण वाचलं असेल, तर गृहस्थ अगदीच भलतं बोलत नव्हते हेही पटेल. बहुतेक जण हे प्रकरण चाळून पुढे जातात. मला वाटतं पुस्तकाचा निम्मा भार त्याच्यावरच आहे, आणि ते कुठे भक्कम आहे नि कुठे कचकतं, हे बघण्यासारखं आहे.

डार्विननं १८५५पासून घरी कबुतरं पाळली आणि लंडनच्या दोन कबुतरबाजांच्या क्लबांत तो चक्क सभासद झाला. आपल्याकडे ज्याला लक्का म्हणतात ते कबुतर तुम्ही पाहिलं असेल. साध्या कबुतराच्या शेपटीत बारा-चौदा पिसं असतात, लक्क्याला तीस, कधी चाळीससुद्धा. पाउटर छाती फुग्यासारखी फुगवतो, टंबलर हवेत कोलांट्या घेतो. रानात सापडली असती तर या सगळ्यांना पक्षितज्ज्ञांनी वेगवेगळ्या जाती म्हणून नावं दिली असती. डार्विनचं म्हणणं, या साऱ्यांचा पूर्वज एकच, पारवा. पुरावा काय? त्यानं पांढऱ्या लक्क्यांचा आणि काळ्या बार्ब कबुतरांचा संकर केला. पिल्लं झाली ठिपकेदार, तपकिरी-काळी. त्या पिल्लांचा आपसांत संकर केला तेव्हा नातवंडांत एक निघालं निळसर राखी, पंखांवर दोन काळे पट्टे, कंबर पांढरी. म्हणजे हुबेहूब पारवा! आजी-आजोबांत कुणाचाच रंग तो नव्हता. मला हा परिच्छेद अख्ख्या पुस्तकातल्या सर्वोत्तम परिच्छेदांपैकी एक वाटतो, कारण इथे तर्क नाही, पिसं आहेत.

पण माणसानं खुराड्यात केलं ते निसर्ग रानात करतो, हे कशावरून? ही शंका विरोधकांनी काढली असती तर नवल नव्हतं. ती काढली वॉलेसनं, ज्याला हाच सिद्धांत स्वतंत्रपणे सुचला होता. १८५८च्या आपल्या निबंधात त्यानं पाळीव जनावरांवरून रानातल्या प्राण्यांबद्दल अनुमान काढू नये असंच म्हटलं. आणि 'निवड' म्हटलं की निवडणारा कोणीतरी आहे असं लोकांना वाटतं, म्हणून शब्दच बदला, असं पुढे १८६६त त्यानं डार्विनला सुचवलं.

डार्विनचं उत्तर पहिल्या प्रकरणातच आहे. तो त्याला नकळत केलेली निवड म्हणतो. बेकवेल या नामांकित पैदासकाराच्या मेंढ्या बकली आणि बर्जेस या दोघांनी नेल्या. पन्नास वर्षांहून अधिक काळ दोघांनीही बाहेरचं रक्त मिसळू दिलं नाही, जात बदलायचा विचारही केला नाही. शेवटी दोन कळप इतके निराळे दिसू लागले की पाहणाऱ्याला दोन जाती वाटाव्यात. हेतू नव्हता, आराखडा नव्हता. दर वर्षी कुठली मेंढी ठेवायची आणि कुठली विकायची, एवढंच. गावाकडे ज्वारीची भरदार कणसं बियाण्याला बाजूला काढणाऱ्या आजीला तुम्ही विचारलं असतंत, तर ती काय नवी जात घडवते आहे असं म्हणाली असती? निवडणाऱ्याचा हेतू काढून घेतला तरी निवड चालूच राहते, हे एकदा दिसलं की खुराडं आणि रान यांतलं अंतर बरंच कमी होतं. वॉलेसला पुरेसं उत्तर इथे मिळतं.

एक गोष्ट मात्र दोन्ही बाजूंनी कापते. कबुतरांच्या सगळ्या वाणांचा आपसांत संकर होतो आणि पिल्लंही जननक्षम असतात. डार्विनला हा एकाच पूर्वजाचा पुरावा वाटला. त्याचा खंदा पाठीराखा हक्स्ली म्हणाला, मग निवडीनं अजून दोन खऱ्या जाती वेगळ्या करून कुठे दाखवल्या? हक्स्लीचा मुद्दा रास्त होता, आणि पहिल्या प्रकरणात त्याला उत्तर नाही.

खरी कच्ची बाजू आनुवंशिकतेची. 'खाण तशी माती' एवढं सर्वांना ठाऊक होतं, पण कशी, ते कुणालाच नाही. आईबापांचे गुण दोन रंगांसारखे मिसळतात अशी तेव्हाची सर्वसाधारण समजूत. फ्लीमिंग जेन्किन या इंजिनिअरनं १८६७मध्ये दाखवलं, की गुण असे मिसळत असतील तर एखाद्यात आलेला नवा चांगला गुण दर पिढीला निम्मा होत विरून जाईल, निवडीला धरायला काही उरणारच नाही. त्याचं उदाहरण त्या काळच्या वर्णद्वेषानं माखलेलं आहे, पण गणिताला बगल देता येत नव्हती. डार्विननं १८६८मध्ये 'पॅनजेनेसिस' नावाची कल्पना मांडली, शरीरभरातून बारीक कण येऊन जननपेशींत गोळा होतात अशी. ती चुकीची ठरली.

चुटपुट लावणारी गोष्ट अशी, की त्याच पुस्तकात स्नॅपड्रॅगनच्या फुलांचा प्रयोग आहे. दुसऱ्या पिढीची १२७ रोपं: ८८ नेहमीच्या फुलांची, ३७ वेगळ्या आकाराच्या फुलांची, अधलीमधली फक्त दोन. रंग मिसळत असते तर अधलीमधलीच जास्त हवी होती. मेंडेलनं दोन वर्षं आधी, १८६६मध्ये, वाटाण्याचे आकडे छापले होते: ५४७४ गोल, १८५० सुरकुतलेले, साधारण तिनास एक. मेंडेलकडे डार्विनचं पुस्तक जर्मन भाषांतरात होतं. मेंडेलचा निबंध जगाच्या ध्यानात आला १९००मध्ये. राखी नातवंडाचं कोडंही तेव्हाच सुटलं. गुण विरत नाही, दडून बसतो, आणि जेन्किनचा आक्षेप तिथेच निकालात निघतो.

हे आपण हापूसच्या बाबतीत पिढ्यानपिढ्या जाणतो. कोय पेरून हापूस येईल याची खात्री नसते, म्हणून कलम बांधतात. बीजात काय काय दडलंय ते सांगता येत नाही.

जेन्किनचा दुसरा आक्षेप, की निवडीला लवकरच मर्यादा पडते. तुमच्यापैकी जे इलिनॉयमध्ये राहतात त्यांनी हे उत्तर गाडीच्या खिडकीतून पाहिलं असेल. तिथल्या विद्यापीठात १८९६पासून मक्याच्या दाण्यातलं तेल वाढवण्यासाठी निवड चालू आहे. सुरुवातीला तेल पाच टक्क्यांच्या आत होतं, शंभर पिढ्यांनंतर वीस टक्क्यांच्या आसपास पोचलं. मूळच्या एकाही कणसात इतकं तेल नव्हतं.

२०२३मध्ये एनसीईआरटीनं दहावीच्या विज्ञानातल्या 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' या धड्यातून उत्क्रांती वगळली, आनुवंशिकता ठेवली. अठराशेहून जास्त शास्त्रज्ञांनी आणि शिक्षकांनी निषेधाचं पत्र काढलं. मुलांनी मेंडेलचे वाटाणे मोजायचे, पण त्या मोजणीनं कुठला अडलेला गाडा पुढे गेला ते विचारायचं नाही, असा हा प्रकार. तुमची मुलं परदेशातल्या शाळेत असली तरी तिथेही हा धडा सगळीकडे सारख्याच मोकळेपणानं शिकवतात असं नाही. मूळ पुस्तक इंटरनेटवर फुकट आहे. पहिल्या प्रकरणाची सुरुवातीची पानं जरा रटाळ आहेत, ती सोडून सरळ कबुतरांपासून वाचायला घ्या.